उघड्या पाठीचा कोट

कोट मागून घेतला होता आकारामनंच. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढं तेच त्याच्या तोंडावर मारलं गेलं.

वसंतरावांची फौंड्री उद्यमनगरात, आकाराम तिथला मेस्त्री. इंजिनाची चाकं आणि पंपाच्या बॉडी ओतायची. भट्टीचं तोंड फोडलं की लोखंडाचा पांढरा रस पन्हळीतनं लेडलमध्ये, म्हणजे लांब दांडीच्या लोखंडी भांड्यात पडायचा. लेडलची दांडी दोघांनी दोन्हीकडनं धरायची आणि साच्यांच्या रांगेत जाऊन एकेका साच्यात रस ओतायचा. मण-दीड मणाचं ओझं, आणि तेही उकळतं. सव्वा वर्षापूर्वी एक साचा ओला राहिला, रस आत गेला तसा उलटा उडाला आणि अंबादासच्या छातीवर बसला. त्याच्या अंगावर काय होतं, तर बनियन आणि कंबरेला भिजवलेलं गोणपाट. तो अठरा दिवस जगला.

एकोणिसाव्या दिवशी उचगावात त्याला पोचवून माणसं अंघोळीला घराकडं वळली. आकाराम वळला नाही. मैतावरनं आलेला माणूस अंघोळीशिवाय कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. आकारामनं तशीच सायकल काढली, वसंतरावांच्या बंगल्यावर गेला आणि पायरीवर बसला. "कोट द्या. त्याबिगर मी हितनं उठत न्हाय," एवढंच बोलला. आत मालकीणबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या आणि मालक दारातनंच हो म्हणाले. पुढं कारखाना-निरीक्षकाचा शेराही आला. पण कोट आले ते त्या पायरीवर बसण्यानं, असं सगळी फौंड्री मानायची. "शेऱ्यानं कागद हलतोय, कातडं हलत न्हाय," असं केरबा म्हणायचा. केरबा म्हणजे आकारामचा लेडलवरचा जुना जोडीदार.

सन चौऱ्याहत्तरच्या माघात कोट आले. थेट कानपूरचे. गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाड क्रोमचं कातडं, आतनं घोंगड्यासारखं अस्तर, लांब बाह्या, मागं पाच बक्कल. मालकांनी नारळ फोडला. ओतणाऱ्या चौघांना ओळीत उभं करून फोटो काढला. भिंतीवर रंगाऱ्याकडनं 'सुरक्षा प्रथम' लिहून घेतलं. थंडीचे दिवस होते, कोट उबदार वाटला. सगळे खूश.

चैत्र लागला आणि कोटानं आपली जात दाखवली.

दुपारी तीनला भट्टी फोडायची. वर पत्रा तापलेला, पुढं भट्टी, हातात रस आणि अंगावर आठ किलोचं बंद कातडं. त्यातनं वारा आत जात नाही आणि घाम बाहेर येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत अस्तर भिजून जड व्हायचं. आकारामनं एकदा जुन्या सवयीनं कोटाच्या बाह्या पाण्यात बुडवून घातल्या, गोणपाट भिजवायचा तसं. भट्टीसमोर गेल्यावर त्या पाण्याची आतल्या आत वाफ झाली. कोपरापासून मनगटापर्यंत भाकरीच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटली. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. कोट मागणाराच कोटानं भाजला, हे सांगायचं कसं?

कोटाआधी दोन जोड्या मिळून दोन तासांत नव्वद साचे ओतायच्या. आता साठ म्हणजे डोक्यावरनं पाणी. उरलेला रस गार पडायचा, जमिनीवर ओतून द्यायला लागायचा. मॅनेजर नृसिंहराव रोज पाटीवर खडूनं आकडा लिहायचे आणि आकड्याखाली दोन रेघा मारायचे. नृसिंहराव डिप्लोमा झालेले, शाहूपुरीत खोली करून राहायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. हा नियमानं चालणारा होता, आणि नियम असा होता की कोट सगळे बक्कल लावून घालायचा.

त्या मंगळवारी लेडलच्या मागच्या दांडीला केरबाच्या जागी जोतीराम होता. जोतीराम उचगावच्याच तालमीतला, आकारामच्या हाताखाली तयार झालेला गडी. वय सव्वीस, गर्दन रेड्यासारखी. दारूचा थेंब शिवलेला नाही, सुपारीसुद्धा नाही. पंधरा दिवसांमागं तो एकदा भोवळ येऊन बसला होता, तेव्हा लोकांनी चेष्टा केली होती. या वेळी विसाव्या साच्याजवळ तो मागनं म्हणाला,

"वस्ताद, गाय सोडली का?"

"कसली गाय?"

"दारात बांधल्याली. ऊन आलंय तिच्यावर."

आकारामनं मान वळवून बघितलं. जोतीरामचं तोंड लालबुंद आणि कोरडं होतं. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. "लेडल खाली घे," आकाराम म्हणाला. "हळू. वाळूवर टेकव." लेडल टेकली आणि जोतीराम झाडासारखा आडवा झाला. रस सांडला नाही, ही आकारामची चपळाई. सांडला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

केरबा धावत आला. दोघांनी बक्कल सोडून कोट काढला, बादलीभर पाणी अंगावर ओतलं. अंग तव्यासारखं लागत होतं. जोतीराम डोळे फिरवून बडबडत होता, गाय, कासरा, पेंड.

नृसिंहराव वरनं बघत होते. "काय बडबडतोय हा? गायी-म्हशी कुठून आल्या?"

"चढलंय त्याला, साहेब. ऊन."

"सावलीत कसलं ऊन, मेस्त्री? जीभ जड झालीय, तोल जातोय, तोंड लाल आहे. मला काय कळत नाही असं वाटतं का?"

"दारू म्हणालाय व्हय तुमी?"

"मी काही म्हणत नाही. मी लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. 'कामावर असताना मद्यप्राशन व बेशिस्त, दुसरी वेळ.' शनिवारपर्यंत घरी. शनिवारी मालकांची सही झाली की कायमचं घरी.

नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, उद्यमनगरात फौंड्र्यांना तोटा नव्हता. पण तिथले सगळे मालक संध्याकाळी एकाच हॉटेलात चहाला बसायचे. शनिवारी सही झाली की रविवारी जोतीराम सगळ्या कपांत दारुडा म्हणून पडला असता, आणि सोमवारी एकाही दारात त्याला कुणी उभं केलं नसतं. तालमीनंही लंगोट खाली ठेवायला लावला असता. दारूचा डाग असा असतो. न पिणाऱ्याला जास्त लागतो, कारण त्याच्याजवळ मळायला काहीतरी स्वच्छ असतं.

संध्याकाळी आकाराम ऑफिसात गेला.

"साहेब, त्यो पोरगा पीत न्हाय. कोटानं पडलाय."

"तोच कोट तुम्हीपण घालता. तुम्ही नाही पडलात."

"मी म्हातारा गडी. मला दम चोरायला येतोय. ह्यो बैलासारखा वढतोय, म्हणून आधी पडला."

"मेस्त्री, कोट कुणी मागितला?"

आकारामनं भाजलेला हात पाठीमागं घेतला.

"मालकांच्या दारात सुतकात जाऊन कोण बसलं होतं? कोट नव्हता तेव्हा कोट पाहिजे होता. कोट आला तर कोट जड होतो. उद्या कोट काढायला सांगितला आणि कुणी भाजला, तर परत पायरीवर बसाल. आम्ही करायचं तरी काय?"

साहेबाचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर दुखणं. कोटानं अंबादास वाचला असता. कोटानं जोतीराम गेला असता. दोन्ही खरं.

घरी बनाबाईनं त्याचा वाळलेला बनियन झाडला. पाठीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, नकाशासारख्या.

"ह्ये काय वं?" बायको म्हणाली. "मीठ घरात आणाय सांगिटलं तर तुमी घरातलंच घिऊन जाताय की कारखान्याला."

"पुढनं बघ. पुढं हाय का?"

"पुढनंबी हाय. पण पाठीला लई. पाठीला काय भट्टी लावताय?"

आकारामनं बनियन हातात घेतला आणि पाठीवरच्या रेघांवरनं बोट फिरवलं. त्याला आठवलं मलकापूर. चोवीस वर्षांचा असताना मलकापूरच्या मैदानात त्याची जोड लागली होती, पण वजन दीड शेर जास्त. पैलवान वजन उतरवायला घोंगडं गुंडाळून पळतात, तसा तो पळाला. वस्तादानं सांगितलं होतं, तासाच्या वर नाही, आणि घाम आटला की घोंगडं फेकून द्यायचं, कारण तिथनं पुढं डोकं शिजतं. आकारामनं दोन तास पळून दाखवलं. मग त्याला वाटलं कुस्ती झाली, आपण जिंकलो, आणि तो एका कडब्याच्या गाडीला सलाम करत सुटला. लोक हसले. वस्ताद हसला नाही. त्यानं घोंगडं सोडलं, मिठाचं पाणी पाजलं आणि गुळाच्या अडतीतल्या काट्यावर उभं केलं. अडीच शेर गेला होता. "एवढं पाणी तू दिलंस," वस्ताद म्हणाला, "आन् त्याच्याबरूबर अक्कल."

घोंगडं अंगावर घेऊन पळायचं, हेच आपण रोज करालोय. फरक एवढाच की त्या वेळी हातात उकळतं लोखंड नव्हतं.

शुक्रवारी फौंड्रीला सुट्टी. गुरुवारीच जाताना आकारामनं स्टोअरवाल्याला सांगितलं होतं, दोन कोट धुवायला नेतो. स्टोअरवाला म्हणाला, "कातडं कुठं धुत्यात व्हय?" आकाराम म्हणाला, "तू घालून बघ, मग कळंल." कोट सायकलला बांधून तो चपला करणाऱ्यांच्या गल्लीत गेला, धोंडुबाईच्या दारात. नवरा वारल्यावर धोंडुबाई एकटीच कातडं कापायची आणि चपलांच्या वेण्याही घालायची. तिची रापी गल्लीत कुणाच्याही रापीपेक्षा सरळ चालायची.

तिनं कोट उलटापालटा केला, नखानं खरवडला, नाकाला लावला.

"कुणाचं पाप हाय ह्ये?"

"कानपूरचं."

"हिरड्यात, बाभळीच्या सालीत मुरवल्यालं कातडं घाम पितंय. ह्ये पीत न्हाय, थुकतंय. ह्याच्या आत माणूस घालत्यात?"

"चार माणसं. दोन-दोन तास."

"आन् आग कुठनं येती?"

"पुढनं. लेडल पुढं, साचा पुढं. उडालं तर छाती, मांड्या, हात, पाय. ह्याच्यावरच."

"पाठीवर कदी उडालंय का?"

आकारामनं सव्वीस वर्षं आठवून बघितली. पाठीवर भाजलेला एकही माणूस आठवला नाही.

"मग पाठ कशाला झाकली?" धोंडुबाई म्हणाली.

कानपूरला कुणी हे विचारलं नव्हतं. मालकानं नाही, निरीक्षकानं नाही, डिप्लोमावाल्यानं नाही आणि सुतकात पायरीवर बसणाऱ्यानंही नाही. विचारलं ते चपला शिवणाऱ्या बाईनं, आणि तोवर तिला विचारायला कुणी आलं नव्हतं.

"काप," आकाराम म्हणाला.

"कारखान्याचा हाय न्हवं? तुला धरत्याल."

"काप तू."

तिनं मानेपासून खाली पाठीचा सगळा पत्रा कापून काढला. खांद्यावर आणि कंबरेला तिरक्या पट्ट्या वेणी घालून बसवल्या, म्हणजे कोट पुढनं घट्ट राहील आणि मागनं उघडा. बाह्यांचं मागचं अंग दंडापर्यंत सोडवलं. आतलं अस्तर फक्त छातीला ठेवलं, बाकी उचकटून टाकलं. संध्याकाळपर्यंत दोन कोट झाले. "पाठीचं कातडं ठेवून जा," ती म्हणाली, "पायताणाच्या तळाला लावती. तेवढ्याच लायकीचं हाय."

शनिवारी दुपारी वसंतराव स्वतः आले. सही करायची होती, आणि उतरलेला आकडाही बघायचा होता. भट्टी तापली होती. आकाराम आणि केरबा कापलेले कोट घालून पुढं आले तेव्हा नृसिंहरावांना आधी कळलंच नाही. दोघे पाठमोरे झाले तेव्हा कळलं.

"हे काय आहे? मेस्त्री, कंपनीची वस्तू कापलीत?"

"कापली."

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या पाठीच्या."

वसंतराव एकेकाळी लेथवर उभे राहिलेले. त्यांनी कापलेली पाठ बघितली, भट्टीकडं बघितलं. भट्टी मालकासाठीसुद्धा थांबत नाही. "आधी रस काढा," ते म्हणाले. "मग बघतो."

"मालक, एक मागतो," आकाराम म्हणाला. "कच्चं लोखंड जोखायचा काटा हितं आणा. चौघांना आता जोखा आन् नंतर जोखा. कोट काढून, अंग पुसून. पाणी किती पितोय तेबी लिहा. दुसरी जोडी शिरोलीच्या भावांची हाय, ते आख्ख्या कोटात ओतत्याल. आमी फाटक्यात. कुणाचे साचे किती, साहेबांनी मोजावं. मग जोतीरामच्या कागदाचं बोलू."

"म्हणजे पैज लावतोयस व्हय मालकाशी?"

"न्हाय. जोखून दाखवतोय."

नृसिंहराव पुढं आले. "याला अर्थ नाही. तुम्ही सव्वीस वर्षं ओतताय, तुमचे साचे जास्तच होणार. जोखायचंच असेल तर तासाभरानं कोट बदला. तुमचे त्यांनी घालायचे, त्यांचे तुम्ही."

साहेब हुशार होता. आकारामनं हा विचार केला नव्हता. सेहेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या तासाला, तापलेल्या अंगानं आख्खा कोट चढवायचा, म्हणजे काय ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

"बदलू," तो म्हणाला.

केरबा हळूच म्हणाला, "माझ्यासाठनंबी बोललास की रं तू. मला इचारलंस का?"

"इचारतो. येतोस का?"

"आता काय, बोलून झाल्यावर?" केरबा काट्यावर चढला. "लिहा साहेब. बासष्ट किलो, आन् त्यातलं चार किलो तंबाखू."

तीन वाजून दहा मिनिटांनी भट्टी फोडली.

पहिला तास आकारामला हलका गेला. रस समोर धगधगत होता, छाती तापत होती, पण पाठीवरनं वारा जात होता. पाठीवरचा घाम वाळत होता आणि वाळताना गार करत होता, बाजेवर उघडं पडल्यासारखं. एकदा साच्याच्या कडेला रस फुटला, पाच-सहा थेंब उडून त्याच्या छातीच्या कातड्यावर बसले आणि घरंगळून वाळूत विझले. नृसिंहरावांनी ते बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं. तासाला फाटक्या कोटांचे साचे झाले तेवीस. आख्ख्या कोटांचे पंधरा. शिरोलीचा थोरला भाऊ बसून डोक्यावर पाणी ओतून घेत होता.

काट्यावर आकाराम पाऊण किलो उतरला होता. शिरोलीचा थोरला दोन किलोला थोडा कमी.

कोट बदलले. दुसऱ्याच्या घामानं चिंब झालेलं अस्तर आकारामच्या पाठीला चिकटलं. केरबानं मागनं पाच बक्कल लावले. एकेक बक्कल लागताना दार बंद झाल्यासारखं वाटलं.

चौथ्या साच्यापर्यंत तो नेहमीसारखा चालला. सातव्याला त्यानं दम चोरायला सुरुवात केली. दम चोरायचा म्हणजे लेडल उचलण्याआधी एक श्वास जास्त घ्यायचा, वळताना सावकाश वळायचं, साच्यापाशी उगीच वाळू सारखी करायची. पाटीवरचा आकडा उतरायचा तो असा. याला साहेब कामचुकारपणा म्हणत होते. कामचुकारपणाच होता. मरणाला चुकवायचा.

दहाव्या साच्यानंतर पायांत शिसं ओतल्यासारखं झालं. कानात ढोल वाजू लागले, हलगीही आली. त्याला वाटलं, पडावं. पडलो तर दाखला झाला. मग वाटलं, हातात दीड मण रस आहे आणि पुढं केरबा आहे, त्याची पाठ आपल्या तोंडासमोर आहे. दाखल्यासाठी केरबाला भाजायचं काय?

बाराव्या साच्यात रस गेला. आकारामला आपलं कपाळ पुसायचं होतं, त्यानं बाहीनं पुसलं. बाही कोरडी राहिली. घाम आटला की घोंगडं फेकायचं. हे कुणी सांगितलं ते त्याला आठवेना, पण सांगितलेलं आठवलं.

"केरबा," तो म्हणाला. "टेकव."

लेडल वाळूवर टेकली. आकाराम उभाच राहिला. नृसिंहराव वही घेऊन जवळ आले. त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तोंड लाल होतं, कोरडं होतं.

"मेस्त्री? बरं वाटत नाही का?"

आकाराम हसला. साहेबांना त्यानं वाकून, छातीवर हात ठेवून सलाम केला.

"मेस्त्री, आज वार कोणता?"

"मलकापूर," आकाराम म्हणाला.

"काय?"

"मलकापूर. जोड झाली न्हवं? पागोटं कुणाकडं दिलंय, वस्ताद?"

नृसिंहराव पावणेदोन तास त्याच्यापासून दहा हातांवर उभे होते. काय प्याला, किती प्याला, हे त्यांच्याच अक्षरात वहीत होतं: पाणी चार तांबे, त्यात मीठ. दुसरं काही नाही. त्यांनी वही बगलेत धरली आणि स्वतः मागं जाऊन बक्कल सोडायला लागले. डिप्लोमावाल्या हाताला भिजलेले बक्कल सुटेनात. दोन नखं फाटली. "पाणी आणा," ते ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला, "अरे पाणी आणा, उभे काय राहिलात?"

आकारामला शुद्ध आली तेव्हा तो बाहेर लिंबाखाली होता, ओल्या पोत्यावर. केरबा फडक्यानं वारा घालत होता.

"काय बोललो मी?"

"साहेबाला वस्ताद म्हणालास," केरबा म्हणाला. "आता गंडा बांधायला लागंल त्येला."

शिरोलीच्या भावांनी दुसऱ्या तासात फाटक्या कोटात वीस साचे ओतले होते. भाऊ तेच, भट्टी तीच. उठून आकाराम काट्यावर उभा राहिला. पुन्हा पावणेदोन किलो गेलं होतं.

ऑफिसात वसंतराव खुर्चीत, नृसिंहराव उभे. टेबलावर जोतीरामचा कागद.

"सगळे कोट कापून घ्या," वसंतराव म्हणाले. "साहेब हिशोब सांगतात, नव्वदच्या जवळ जाऊ. अर्ध्या तासानं जोडी बदलायची, मिठाचं पाणी ठेवायचं. ठीक?"

"आन् ह्यो कागद?"

"आकाराम, आकडा मला पटला. पण तू कंपनीचा माल न विचारता कापलास. हे मी सोडलं, तर उद्या कुणी पट्टा कापंल, परवा कुणी माझा गळा. आधीच्या खेपेला सुतकात आलास, ते गिळलं. काहीतरी मला द्यायला लागंल तुला."

"कागद खोटा आहे, साहेब," नृसिंहराव मध्येच म्हणाले. खाली बघून म्हणाले. "माझा आहे. खोटा आहे."

"तुमचा मी बघतो. मी ह्याला विचारतोय."

मालकाला न्याय देता येत होता. पण फुकट द्यायची सवय नव्हती. कारखाना चालवणाऱ्याला ती नसतेच, आणि असली तर कारखाना फार दिवस चालत नाही, असं ते स्वतःला सांगत असतात.

"माझं मेस्त्रीपण घ्या," आकाराम म्हणाला. "केरबाला द्या. मी दांडी धरतो. पण कागद आता फाडा. माझ्यासमोर."

वसंतरावांनी कागद नृसिंहरावांकडं सरकवला. नृसिंहरावांनी फाडला. मग पुन्हा फाडला, आणि तुकडे टोपलीत टाकायच्या ऐवजी खिशात घातले.

सोमवारी जोतीराम आला. त्याला सगळं कळलं होतं, उचगावात लपत काही नाही. तो फाटकातच आकारामला आडवा झाला.

"माझ्यापायी मेस्त्रीपण सोडलंसा व्हय? मी मागिटलंतं का?"

"कोटबी कुणी मागिटला हुता?" आकाराम म्हणाला. "मागणाऱ्यानंच निस्तरायचं असतंय. चल, उशीर झालाय, नव्या मेस्त्रीनं बघितलं तर शिव्या दिल."

"दिलच की," आतनं केरबा म्हणाला.

काटा भट्टीशेजारीच राहिला, पुन्हा कच्च्या लोखंडाकडं गेला नाही. नृसिंहराव रोज तीनला वही घेऊन तिथं उभे राहायचे, पाटीवर आकडा लिहायच्या आधी. त्या सोमवारी पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांनी जोतीरामला काट्यावर चढवलं.

"किती भरलं, साहेब?"

"अर्धा किलो कमी. पाणी पी."

"तहान न्हाय."

"तहान नसली तरी पी," नृसिंहराव म्हणाले. "आणि आज वार कोणता, सांग."

"सोमवार," जोतीराम म्हणाला, आणि तांब्या तोंडाला लावला. मागं दांडीला उभ्या असलेल्या आकारामच्या उघड्या पाठीवर लिंबाकडनं येणारा वारा लागत होता.